लहानूचा बाद पेपर

"कॉपी केली म्हणता, सायेब? मंग आत्ता हितंच नवं वाक्य घाला की, सोडवून दावतो," लहानू म्हणाला.

सुपरवायझरच्या परीक्षेत 'हू'नं (who) जोडलेल्या इंग्रजी वाक्यांत क्रियापदं निवडायची होती. हरसूलच्या लहानूची सगळीच बरोबर आली, म्हणून साहेबानं पेपरच बाद केला. वीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला गडी तो. कातायच्या तुकड्याला, म्हणजे जॉबला, माप बघायला गेज लावावं तसं तो 'हू'च्या आधीचं नाम तपासायचा, एक हाय का लय, मगच क्रियापद बसवायचा. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत पत्र्यावर खडूनं हेच गिरवलं होतं.

"तुम्हा लोकांना एवढं येत नसतं," साहेब म्हणाला.

"येतं का नाय, ते बघायलाच भ्याताय तुमी."

साहेबानं फाईल मिटली. लहानू धुमसतच मशीनवर आला, लेथच्या पकडीत, चकात, नवा जॉब आवळला आणि लेथ चालू केला.