जादूगारांच्या मंडळाचा अध्यक्ष

आदिलाबादहून तामसीला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये तो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. आत आल्यावर तोच रुमाल शेजारच्या जागेवर पसरतो. कोणी विचारलं तर "माणूस येऊन राह्यला" म्हणतो, आणि मी दिसलो की रुमाल उचलतो.

तो बाजारात मिक्सर दुरुस्त करतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं नाही. त्याचं बोलणं एकाच गोष्टीचं. मोबाइलवर काही अनोळखी लोकांनी मिळून जादूगारांचं एक मंडळ कल्पिलं आहे. त्याला अध्यक्ष हवा आहे, आणि तो दुसऱ्याच जगाच्या कथेतून आणायचा, असा नियम आहे. बाकीचे लोक राजे नि सेनापती सुचवतात. हा प्रत्येकाला उलटसुलट करून पाहतो आणि मिक्सरच्या जळालेल्या मोटारीसारखा बाजूला ठेवतो. "लय रागीट हाय. चालत नाई."

परवा त्यानं आपलं मत दिलं. एका अंतराळकथेतला दिवे लावणारा म्हातारा. सगळे यान सोडून गेले, तो एकटा मागे राहिला.

"त्याला जादू येते का?" मी विचारलं.

"नाई येत."

"मग काऊन?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिकडं त्याच्या गोष्टीत कोणीच उरलं नाई, सर. इकडं आला तं बोलाले माणसं तरी भेटतीन."

माझं गाव आधी येतं. काल उतरल्यावर मी सहज वर खिडकीकडे पाहिलं. माझ्या रिकाम्या जागेवर तो पुन्हा रुमाल पसरत होता.