काकींचे सहा कोटी

माणूस असतो तोवर त्याचे किस्से ज्याच्या त्याच्याकडे पडून असतात. गेल्यावर एकदम गोळा होतात. परवा परब सरांच्या पत्नीच्या, सुनंदाकाकींच्या वर्षश्राद्धाला आम्ही नाहूरला सरांकडे जमलो, तेव्हा तसंच झालं. सर आणि मी मुलुंडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. सर आता रिटायर झालेत. केमिस्ट्रीच्या वैती मॅडम माहुलहून आल्या होत्या. जेवणं उरकली, सर आतल्या खोलीत जरा आडवे झाले, आणि बाहेर आमच्या हळू आवाजात गप्पा सुरू झाल्या.

*

सरांना जुन्या युनिट्सचा भारी नाद. करंट आता अ‍ॅम्पिअरमध्ये मोजतात. पूर्वी अ‍ॅबअ‍ॅम्पिअर होता, एकाचे दहा अ‍ॅम्पिअर. प्रॅक्टिकलला एका मुलीने जुनं सूत्र वापरलं. उत्तर आलं ०.०४, आणि मीटर दाखवत होता ०.४. ती रडवेली झाली.

सर म्हणाले, "चुकलेलं नाही गं. अ‍ॅबअ‍ॅम्पिअरमध्ये आलंय. दहाने गुण, जुळेल."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, म्हणजे हिचं उत्तर आजोबांच्या भाषेत आलं."

"मग? आजोबांशी पण बोलता आलं पाहिजे ना."

*

वैती मॅडमना आठवला तो विळीचा किस्सा. सर डबा विसरले होते म्हणून काकी लॅबमध्ये आल्या. सर गॅल्व्हनोमीटरची होकायंत्रासारखी चुंबकी सुई स्थिर व्हायची वाट बघत होते. काकी टेबलाजवळ आल्या आणि सुई सरळ त्यांच्याकडे वळली. सगळा वर्ग बघतच राहिला. काकींच्या पिशवीत धार लावून आणलेली लोखंडी विळी होती!

सर मुलांना म्हणाले, "लिहून घ्या. करंट बंद असतानाही वळली."

काकी लाजून डबा ठेवून निघून गेल्या. मॅडम हे सांगताना हसल्या, मग पदराने डोळे पुसत राहिल्या.

*

गीझर बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने सरांना विचारलं, पॉइंट किती अ‍ॅम्पिअरचा हवा. सर पेपर वाचता वाचता म्हणाले, "दीड अ‍ॅबअ‍ॅम्पिअर."

"काका, ये कौनसी कंपनी है?"

स्वयंपाकघरातून काकी ओरडल्या, "पंधराचा लाव रे बाबा. ते जुन्यात बोलतात."

तो गीझर अजून आहे. पण सर आता थंड पाण्यानेच अंघोळ करतात. वैती मॅडमनी विचारलं तर म्हणाले, "एकट्यासाठी कशाला लावायचा?"

*

 मग काकी घरात चक्कर येऊन पडल्या तो दिवस सगळ्यांनाच आठवला असणार. सर आणि मी पेपर तपासत होतो, शेजाऱ्यांचा फोन आला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हृदयाला मिळणारा सिग्नल मध्येच तुटतोय.

सरांनी विचारलं, "वायर बदलता येईल?"

डॉक्टरांना वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. सर मस्करी करत नव्हते. त्यांना दुसरे शब्दच सुचत नव्हते.

*

त्यानंतरचं मी तिथे कुणाला सांगितलं नाही. आत सर होते.

काकींना ताप होता, म्हणून कायमचा पेसमेकर बसवता येईना. तोवर मानेतून वायर घालून ती एका छोट्या डब्याला जोडली होती. ठोके त्या डब्यावर चालले होते. वर आकडा होता, पाच मिलिअ‍ॅम्पिअर.

काकी घाबरल्या. "पाच मिली? माझ्या खोकल्याच्या औषधाइतकोच करंट?"

सर खुर्ची ओढून जवळ बसले. "अगो, अ‍ॅबअ‍ॅम्पिअरसारखं अजून एक जुनं युनिट आहे, स्टॅटअ‍ॅम्पिअर. एका अ‍ॅम्पिअरचे तीनशे कोटी होतात. त्यात मोजलं तर तुझे दीड कोटी झाले."

काकी हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच.

मग तो रोजचा खेळच झाला. डब्यावर दहा आले, सर म्हणाले तीन कोटी. भेटायला येईल त्याला काकी सांगायच्या, "माझो करंट वाढतासा." सर मान डोलवायचे आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहायचे. आकडा वाढवावा लागतोय, म्हणजे हृदय दाद देत नाहीये, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. काकींना सांगू नका, असं सरांनी आम्हाला बजावलं होतं.

डब्यावर वीस आले त्या दुपारी सर औषधं आणायला खाली गेले होते. मी एकटीच काकींजवळ होते. त्यांनी माझा हात धरला.

"नर्स बोलली माका. आकडो वाढता म्हणजे काळीज ऐकना नाय." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "तेंका सांगू नको हां. तेंका वाटता, माका कळला नाय."

तेवढ्यात सर आले. औषधांची पिशवी टेबलावर ठेवली. डब्याकडे बघितलं.

"आज किती वो?" काकींनी विचारलं.

"सहा कोटी," सर म्हणाले.

"सहा? मग आता माका कोण अडवतलो?"

सर हसले. काकीही हसल्या.