सव्वीस तारखेची सही

हर्षाली आमच्या केंद्रावर पहिल्यांदा आली तो बुधवार होता. एका चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेनं धरलेला, खांद्याला झोळी. मी अंगण झाडत होते. दहा मिनिटं ती माझ्या झाडूपुढून नुसती इकडून तिकडं सरकत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "बाय, एका जागी उभी राहा. मी तुझ्या भोवतीनं झाडते."

साल शहाण्णव. इंदिरानगरच्या मागच्या अंगाला आमची वस्ती, आणि वस्तीत एका संस्थेचं केंद्र. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. सकाळी बालवाडी, दुपारी बायांचा शिवणवर्ग. कुलूप उघडायचं, पाणी भरायचं, पोरांची नाकं पुसायची, हे काम माझं. समाजकार्याच्या कॉलेजातली पोरं दरसाल जुलैत यायची आणि मार्चात जायची. बुधवार आणि शनिवार. त्याला ती फिल्डवर्क म्हणायची. वस्तीत हिंडायचं, लोकांशी बोलायचं, घरी जाऊन सगळं वहीत उतरवायचं, आणि मग ती वही त्यांच्या मॅडम तांबड्या शाईनं तपासणार. आम्ही म्हणजे त्यांचं पाठ्यपुस्तक. पुस्तक चहा विचारायचं, एवढाच फरक.

आणि चहा तर हर्षाली घ्यायचीच नाही. लोकांच्या घरी काही खायचं प्यायचं नाही, असं गायधनी मॅडमनी सांगून ठेवलेलं. "मावशी, रागावू नका हं," म्हणून ती आपल्या बाटलीतलं पाणी प्यायची. पोरगी मनमाडची. बाप रेल्वेत. पहाटे चारला उठून गाडीनं नाशिकरोड, तिथून सिटी बस, मग आमच्यापर्यंत पायी. इतक्या लांबून आलेल्या पोरीला गरम घोट देता येईना, याचा मला फार राग यायचा. डबा मात्र ती केंद्रात बसून खायची. केंद्र हे काही कोणाचं घर नव्हे, असा तिचा हिशेब. मग मीही माझी भाकर तिथंच सोडायला लागले. चटणी तिच्या बाजूला जरा जास्त सरकायची. त्याचा नियम कुठं लिहिलेला नव्हता.

तिच्या हजेरीच्या कागदावर केंद्राच्या माणसाची सही लागे. संस्थेच्या ताई तीन केंद्रं बघायच्या, आमच्याकडं कधीमधी. म्हणून त्यांनी ते काम माझ्यावर टाकलेलं. मी दुसरी शिकलेली, तीही अर्धी. 'कुसाबाई सहादू भोये' एवढं लिहायला मला भात शिजेल इतका वेळ लागायचा, आणि कागद दोन, एक कॉलेजला, एक केंद्राला. मनगट भरून यायचं. मग मी एक युक्ती काढली. महिन्याच्या पहिल्या दिवशी, हात चांगला असला की, दोन्ही कागदांवर सगळ्या तारखांपुढं सह्या करून टाकायच्या. तिची सही तिनं त्या त्या दिवशी जाताना करावी. पोरगी येणार तर आहेच, मग सही आधीच केलेली बरी. तिच्या आधीच्या दोन वर्षांच्या पोरांचंही मी असंच केलेलं. कोणी बोललं नाही.

दिवाळी झाली आणि हर्षालीला केस पाहिजे झाली. प्रत्येक पोरानं वर्षातून एका माणसाची अडचण घेऊन ती नीट सोडवायला मदत करायची, असं असतं. ती शेजारच्या भागीबाईकडं गेली. भागीबाईनं ओट्यावरूनच हात जोडले.

"मागच्या साली एकानं माझी केस केली, त्याच्या मागल्या साली एकीनं. आता माझ्यात काय उरलंय? त्या कुसाला धर. ती कोरी हाय."

"मला कसली अडचण?" मी म्हटलं.

"वापीवरून पोस्टमन येत नाय, ही अडचण नाय व्हय?" भागीबाई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

ते मला लागलं. कारण वस्तीत मी सांगून ठेवलेलं की माझी लेक चंद्रभागा वापीला दिलीय, जावई कंपनीत आहे. खरं असं, की चंद्री सहा वर्षांपूर्वी दत्तू नावाच्या टेम्पोवाल्याबरोबर निघून गेली. तो आमच्यातला नव्हता. लगीन केलं, पिंपळगाव बसवंतला राहते, द्राक्षांच्या पॅकिंगला जाते, एवढं कोणाकोणाकडून कानावर आलेलं. मालक म्हणाले, ती मेली. मी त्यांच्यापुढं मान हलवली. पुढं मालकच गेले, तरी मी तिला कळवलं नाही. माझी मान तशीच हलत राहिली.

हे सगळं मी हर्षालीला एका शनिवारी भाकर खाता खाता सांगून बसले. तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. तिचं हेच होतं. ती गप्प बसायची आणि समोरच्याचं तोंड आपोआप सुटायचं. गावाकडं आमची आई अशी बसायची.

पुढच्या बुधवारी तिनं मला वही वाचून दाखवली. माझं नाव बदललेलं होतं, तरी मला मी कळले. खाली मॅडमची तांबडी शाई. "कधी जायचं हे बाईंना ठरवू दे. तू त्यांच्या पुढं पळू नकोस."

"शहाणी दिसते तुझी मॅडम," मी म्हटलं. मनात म्हटलं, पण तिची चंद्री नाही ना गेली.

दिवस गेले. मी काही ठरवेना. हर्षाली दर वेळी नुसतं बघायची. बुधवार-शनिवार आता मला सणासारखे झालेले. सोमवारपासूनच मी वाट बघायची. फेब्रुवारी लागला. पंधरा तारखेच्या शनिवारी ती सकाळी आली, झोळी खाली ठेवली नाही.

"मावशी, द्राक्षांचं काम आता मार्चपर्यंतच. नंतर मीही नसेन आणि त्यासुद्धा कुठं सापडायच्या नाहीत. मी आज पिंपळगावला जाऊन येते."

"मॅडमला विचारलंस?"

"नाही म्हणतील."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरात गेले, नागलीचे पापड फडक्यात बांधले आणि तिच्या झोळीत घातले. चंद्रीला लहानपणी ते भाजायच्या आधीच खायची सवय होती. तोंडानं नाही बोलले, पण पोरीला पाठवली ती मीच.

अकरा वाजता दारात गायधनी मॅडम उभ्या. न सांगता आलेल्या. बाया पोरं न्यायला आलेल्या, भागीबाई सगळ्यांत पुढं.

"हर्षाली कुठंय?"

"वस्तीत गेलीय," मी म्हटलं.

मॅडमनी हजेरीचा कागद काढला, चष्मा पुसला, परत वाचला. "आज पंधरा. तुमची सही आहे, मुलगी नाही. हे एक वेळ समजू. एकोणीस तारीख अजून उजाडायचीय मावशी, तिथंही तुमची सही. बावीसला आहे. सव्वीसलासुद्धा आहे."

"हात चांगला होता म्हणून करून टाकल्या," मी म्हटलं. बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"ही खोटी हजेरी आहे. कॉलेजला कळवलं तर तिचं सगळं फिल्डवर्क रद्द होईल. वर्ष जाईल तिचं. कुठं गेलीय ते नीट सांगा, नाहीतर मला कळवावंच लागेल."

वर्ष गेलं तर काय, ते मला माहीत होतं. हर्षालीच्या बापानं मे महिन्यातल्या लग्नासाठी स्थळ बघून ठेवलेलं. पास झाली तर नोकरी, नापास झाली तर हळद, असं त्यांचं बोलणं झालेलं. आणि खरं सांगायचं तर माझी वापी सगळ्या वस्तीपुढं बुडणार. भागीबाई तर कान टवकारूनच उभी. मी पोरांचे पाट गोळा करायला लागले. एक पाट हातातून सुटला. मग म्हटलं, बुडू दे.

"माझी लेक वापीला नाय," मी म्हटलं. आवाज उगाच मोठा आला. "पिंपळगावात द्राक्षं भरते. सहा वर्षं तोंड नाय बघितलं. बाप मेला तरी मी तिला कळवलं नाय. ही पोर तिला शोधायला गेलीय, आणि मी पाठवलीय. सह्या माझ्या, चूक माझी. रद्द करायच्या तर माझ्या सह्या रद्द करा."

भागीबाईनं खाली पडलेला पाट उचलला आणि मला टेकायला दिला. हळूच म्हणाली, "मला केव्हाचं ठाऊक हाय गं." तेव्हापासून ती मला पोस्टमनवरून कधी बोलली नाही.

मॅडम गेल्या नाहीत. खुर्ची ओढून वह्या तपासत बसल्या. चार वाजता हर्षाली आली, धुळीनं माखलेली. दारातच मॅडमना बघून तिचा रंग उडाला. पण आधी माझ्याकडं वळली.

"भेटल्या मावशी. आधी ओळखच देईनात. पापड दिले तर फडक्याचा वास घेतला आणि तिथंच पेट्यांमध्ये खाली बसल्या. एक मुलगी आहे त्यांना, चार वर्षांची."

"काय म्हणाली?"

हर्षालीला ते सांगायचं नव्हतं. "म्हणाल्या, बा गेल्याचं मला परक्या लोकांनी सांगितलं. आईला यायचं असेल तर तिनं स्वतः यावं. माणसं पाठवू नये."

मॅडमनी वही मिटली. "तेच मी लिहिलं होतं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आजचे तास धरणार नाही. पुढच्या बुधवारपासून तू दुसऱ्या केंद्रावर. सुट्टीत पंधरा दिवस जादा भरायचे. वर्ष वाचेल. पण या वस्तीत आता यायचं नाही."

वर्ष वाचेल, हे ऐकून मी घरी चुलीपाशी गेले. दोन कप चहा ठेवला, कशासाठी कुणास ठाऊक. केंद्रात आणला. मॅडम उठून भिंतीवरचा बालवाडीचा तक्ता वाचायला लागल्या. क, ख, ग. चांगला वेळ लावून वाचत होत्या. हर्षालीनं कप घेतला आणि तिच्याकडं पाठ करून उभ्या असलेल्या मॅडमच्या मागं सगळा चहा पिऊन टाकला. जीभ भाजली असणार.

"साखर जास्त घालता तुम्ही," ती म्हणाली. डोळे भरलेले.

"तुला काय माहीत, किती घालतात ते. पहिल्यांदा पितेस," मी म्हटलं.

एवढंच आमचं शेवटचं बोलणं. मार्चात ती पोरं जातात तेव्हा निरोपाचा एक दिवस असतो. नारळ, फोटो, गाणी. हर्षालीचा झाला नाही.

एकोणीसच्या बुधवारी सकाळी मी अंगण झाडलं, रस्त्याकडं बघितलं, आणि कोणी येणार नव्हतं. मग केंद्राची किल्ली भागीबाईकडं दिली आणि पिंपळगावची एस.टी. धरली. चंद्री पेट्यांच्या ढिगापाशी कात्रीनं घड साफ करत होती. मला बघून तिनं हातातला घड पुरा केला, मग उठली. भांडली, रडली, जेवू घातलं. हे सगळं मला त्या शनिवारी हर्षालीला सांगायचं होतं. दुसरं कोण ऐकणार होतं तसं गप्प बसून?

जूनमध्ये मॅडमनी निरोप धाडला, पोरगी पास झाली. पुढं कळलं, नंदुरबारकडं नोकरीला लागली. मॅडमही निवृत्त झाल्या. नवी पोरं येत राहिली, एक बॅच गेली की दुसरी. मी प्रत्येकाला विचारायची, मनमाडचं कोणी आहे का. एकदा एक होता, पण त्याला हर्षाली माहीत नव्हती. मनमाड काय आमची वस्ती आहे थोडीच. आता केंद्रही बंद झालंय, पण बुधवारी माझं झाडणं अजून लांबतं.

कॉलेजचा कागद मॅडमनी तेव्हाच नेला. केंद्राचा माझ्याकडं राहिला. चंद्रीची रोशनी आता मोठी झालीय, परवा पेटी आवरताना तिच्या हाताला लागला. "आजी, हे काय गं?" म्हणाली. फेब्रुवारी सत्त्याण्णव. बारा तारखेपर्यंत दोन सह्या, माझी वाकडी, तिची बारीक. त्याच्या खाली चार ओळींत नुसती मीच. पंधरा, एकोणीस, बावीस, सव्वीस.

रोशनी म्हणाली, फाडून टाकू का. मी म्हटलं, राहू दे. तिची सही राहिलीय.