भोकं नसलेली बटणं

मास्टरांच्या तोंडात टाचण्या असत. सकाळी दहाला दुकान उघडलं की पाच-सहा टाचण्या ओठांत धरायच्या, त्या दुपारी जेवायला बसतानाच काढायच्या, हा चौतीस वर्षांचा नेम. लोकांना वाटे, शिवणकामाला सोयीचं पडत असेल. सोय वेगळीच होती. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्टर, मंगळवारी देणार होतात ना कपडे?" की मास्टर टाचण्यांमधून "म्म्" म्हणत. शेजारी बसून काजं करणारी बायको म्हणाली, "अहो, चेहरा उतरलाय, बरं वाटत नाही का?" की पुन्हा "म्म्". या एका अक्षरावर त्यांनी धंदाही केला आणि संसारही.

तोंड बंद ठेवण्याला आणखी एक कारण होतं, पण ते त्यांना सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. गळ्याचं माप घ्यायला मास्टर जवळ आले की गिऱ्हाईक मान वर करून, श्वास रोखून खांबासारखं उभं राही. मास्टरांना वाटे, काय शिस्तीचे लोक आहेत! हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या, दातांच्या मुळाशी कीटणाचे थर चढले होते आणि ब्रश लावला की रक्त येई. यावर मास्टरांनी रामबाण उपाय शोधला होता: ब्रश लावणं सोडलं. बोट फिरवायचं, चूळ भरायची, संपलं. रक्त दिसलं नाही म्हणजे रोग गेला. आरसा फोडला की सुरकुत्याही अशाच जातात.

दुकानाच्या बरोबर वर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मध्ये बावीस पायऱ्या. सहा वर्षं मास्टर त्यांचे पांढरे कोट शिवत होते आणि सहा वर्षं बाई म्हणत होत्या, "मास्टर, एकदा वर येऊन जा." मास्टर काय म्हणत ते सांगायला नको.

वर न जाण्याचा सल्ला मात्र शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून फुकट मिळे. "अरे मास्टर, दात साफ केले की हलतात. माझ्या मेव्हण्यानं कीटण काढलं आणि सहा महिन्यांत तोंडाचं बोळकं झालं. कीटणच तर धरून ठेवतं दातांना!" इस्त्रीवाल्याच्या स्वतःच्या तोंडात वर चार आणि खाली तीन दात होते, तेव्हा या विषयातला त्याचा अनुभव दांडगा.

आठ महिन्यांपूर्वी, एका सोमवारी दुपारी पावणेचारला, कापड बेतताना मास्टरांच्या छातीवर कुणी शिवणयंत्र ठेवावं तसा भार आला. दरदरून घाम फुटला. बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी शिरस्त्याप्रमाणे "म्म्" केलं आणि जमिनीवर बसले. हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली होती. ती उघडून आत जाळी बसवली. घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, रक्त पातळ ठेवणारी ही गोळी वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही. चुकवलीत तर जाळीत गुठळी होईल, आणि दुसऱ्यांदा इथवर पोचाल याची खात्री नाही. दोन, दात दाखवून घ्या. हिरड्यांचा जुना आजार आणि रक्तवाहिन्यांचा आजार बरेचदा एकाच माणसात भेटतात.

"छातीवाल्यानं छाती बघावी," मास्टर रिक्षात म्हणाले. तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या. "उद्या पायाचा डॉक्टर म्हणेल, टोपी बदला."

गोळी मात्र चुकायची सोय नव्हती. दुकान उघडलं की बायको स्वतःच्या हातानं गोळी आणि पाणी देई, आणि पाकिटावर तारीख लिही.

गोळीनं आपलं काम केलं. हिरड्या आधीच नाजूक, त्यात रक्त पातळ. आता ब्रशशिवायही तोंडाला खारट चव येऊ लागली. हाताशी कात्री असताना दोरा दातानं तोडणं ही मास्टरांच्या मते कारागिराची खूण होती. डॉक्टरीणबाईंच्या नव्या कोटाला तिसरं बटण लावलं, वाकून दोरा तोडला आणि पांढऱ्या कापडावर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला. मास्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, बटण उसवलं आणि ठिपक्यावर सरकवून पुन्हा टाचलं. दुसऱ्या कोटावर तेच. तिसऱ्यावर तेच.

मग त्यांनी विचार केला. विचार करायची सवय नसलेल्या माणसानं तो एकदम करू नये. रक्त पडतं कशानं? पातळ झालं म्हणून. पातळ कशानं? गोळीनं. झालं तर! दुसऱ्या दिवसापासून गोळी गालात धरायची, पाणी प्यायचं आणि बायकोची पाठ वळली की गोळी बटणांच्या डब्यात. पांढरी, गोल, सदऱ्याच्या बटणाएवढी. एक दिवस गेला, चार गेले, नऊ गेले. काही झालं नाही. म्हणजे मास्टर बरोबर आणि वैद्यकशास्त्र चूक.

दहाव्या दिवशी दुकान उघडताच, गोळी घ्यायच्या आधीच, डॉक्टरीणबाई तिन्ही कोट हातावर टाकून खाली आल्या.

"मास्टर, तिसरं बटण सुटलं आणि खाली हा डाग दिसला. म्हणून बाकीचे बघितले. तिन्ही कोटांना, त्याच बटणाखाली. कशाचा आहे?"

"म्म्."

"टाचण्या काढा तोंडातल्या."

मास्टरांनी टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या. दोन टाचण्यांची डोकी लाल होती.

इकडे बायको जुळणारं बटण शोधायला डबा ढवळत होती. "अहो, हे कुठल्या कारखान्याचं बटण आणलंत? याला भोकंच नाहीत." तिनं दुसरं उचललं. त्यालाही नव्हती. मग तिनं डबा टेबलावर पालथा केला आणि एकेक वेचून रांगेत मांडलं. नऊ.

"आठ महिने मी तारखा लिहितेय," बायको हळू आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही यांना भोकं पडायची वाट बघताय?"

डॉक्टरीणबाईंनी मास्टरांना स्टुलावर बसवलं, छातीत दुखतंय का, धाप लागते का विचारलं आणि तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. फोनमधला आवाज इस्त्रीवाल्यापर्यंत ऐकू गेला. गोळी तिथेच, तीन जणांच्या देखत, गिळवण्यात आली आणि तासाभरात मास्टर रुग्णालयात. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. दुसरा झटका आला नव्हता. याचं श्रेय मास्टरांनी स्वतःच्या दणकट प्रकृतीला दिलं.

अखेर बावीस पायऱ्या चढल्या, तेही बायको मागून येत होती म्हणून.

"हिरड्या साफ केल्या की हृदय नवं होईल असं मी म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या दोघांचा संबंध दिसतो, एक दुसऱ्याला किती बिघडवतो यावर अजून वाद आहे. पण एवढी सूज, एवढे जंतू वर्षानुवर्षं तोंडात पाळून कुणाचंच भलं होत नाही. आणि रक्त गोळीमुळे वाढलं असेल, सुरू झालं ते या कीटणामुळे. गोळी चालूच राहील. कीटण जाईल."

चार खेपा झाल्या. हिरडी बधिर करून पार मुळापर्यंत खरवडलं. खालचा एक दात, जो आधीच पाहुण्यासारखा उभा होता, तो काढावा लागला. इस्त्रीवाला खूश. "बघ! म्हटलं नव्हतं?"

"उरलेले एकतीस आहेत," मास्टर म्हणाले. "तुझे मोजून दाखव."

इस्त्रीवाला आत गेला.

आता कात्री गळ्यात फितीनं लटकते आणि टाचण्या मनगटावरच्या उशीत. डॉक्टरीणबाईंना तीन नवे कोट फुकट शिवून दिले. बाईंनी प्रत्येकाचं तिसरं बटण उचलून पाहिलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा वर बोलावलं. ब्रशला रक्त येत नाही.

एके दिवशी दुकानात दोघंच होती. काज करता करता, वर न बघता, बायकोनं विचारलं, "नऊ दिवस मला सांगितलं का नाहीत?"

मास्टरांचे ओठ सवयीनं मिटले. पण तोंडात काही नव्हतं, आणि बायको थांबली होती.

"भ्यालो होतो," ते म्हणाले. "पांढऱ्या कापडावर रक्त पडायला लागलं. म्हटलं, कळलं तर कोण देईल शिवायला?"

"आणि तुम्हीच पडला असता तर कोण शिवणार होतं?"

याला "म्म्" हे उत्तर नव्हतं. मास्टरांनी मान खाली घातली.

"पुढच्या वेळी भ्यालात की बोला," ती उठत म्हणाली. तिनं पाणी ओतलं, गोळी दिली, पाकिटावर तारीख लिहिली. "आता आ करा. जीभ वर. गाल दाखवा."

मास्टरांनी आ केला. तिनं नाक न मुरडता, चांगलं जवळ येऊन, आत बघून घेतलं.