पाच सेंटीमीटर

शहाद्याच्या बसस्टँडजवळ माझ्या वडिलांचं, आबांचं, शिवणकामाचं दुकान होतं. सुती कापड आधी पाण्यात भिजवायचं, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची, हा त्यांचा नियम. माझा नियम वेगळा होता. शाळेत टक्केवारी शिकल्यापासून समोर येईल त्याला मी टक्क्यांत मोजत असे.

ब्राह्मणपुरीच्या एक मावशी आमच्याकडे वर्षानुवर्षं शिवायला देत. सारंगखेड्याच्या यात्रेसाठी दोन्ही मुलांना झब्बे हवेत म्हणून त्यांनी पाच मीटर निळं कापड दिलं होतं. कापड विकणाऱ्या दुकानदारानं त्यांना आधीच सांगितलं होतं, पाण्यात घातलं की दहा टक्के आटेल. त्या दुसऱ्यांदा आल्या तेव्हा कापड भिजून, वाळून, घडी होऊन पडलं होतं. मावशींनी टेप घेऊन स्वतःच मोजलं. साडेचार मीटर.

"पोरी, तू दहावीले शे ना? मंग पह्यले कितलं व्हतं ते सांग."

मला काय, तेच हवं होतं. साडेचारशे सेंटीमीटरचे दहा टक्के पंचेचाळीस, म्हणजे आधी चारशे पंच्याण्णव. मी ठसक्यात सांगून टाकलं, "पाच सेंटीमीटर कमी येतं."

मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, पाच सेंटीमीटरनं काय इतलं." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आबांना माफ केलं आणि बस गाठायला गेल्या. आणि मी? माझी नजर चिंध्यांच्या पिशवीकडे गेली. आबांनी ते पाहिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

घरी येऊन वही उघडली. पाच मीटरचं नको, शंभराचं करून पाहू म्हटलं. शंभरातले दहा आटले, उरले नव्वद. आता माझ्या रीतीनं नव्वदचे दहा टक्के नऊ, ते मिळवले की नव्व्याण्णव. एक गेला कुठे? इथे तर कोणाच्या हातात कात्रीसुद्धा नव्हती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दहा टक्के आटले होते ते पहिल्या कापडाचे, आणि मी काढत बसले होते उरलेल्याचे. साडेचारशे म्हणजे नव्वद टक्के. भागिले नव्वद, गुणिले शंभर. पाचशे. पुरते पाच मीटर. मला रडूच आलं, इतकं हलकं वाटलं.

वही घेऊन धावत सुटले. मावशी स्टँडवर बसची वाट पाहत होत्या. त्यांना बाकावरच गणित दाखवलं. शंभराचं उदाहरण त्यांना झटकन कळलं. बस सोडून त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या.

आबांनी चिंध्यांची पिशवी जमिनीवर ओतली होती आणि एकेक तुकडा उजेडात धरून ते निळा रंग शोधत होते.

"आबा, काय करी ऱ्हायनात?"

"तू हिशोब कया ना बेटा," ते म्हणाले, "मंग माले वाटनं, मन्हाच हात चुकना व्हई."