सहावरचा काटा

मिलच्या बॉयलरवर बावीस वर्षं काढलेल्या सिद्धाप्पाला प्रेशरबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं खपायचं नाही. त्याच्याकडे सरकारी परीक्षेचा दाखला होता आणि तो त्यानं चौकटीत घालून देवांच्या तसबिरींच्या ओळीत लावला होता. चाळीत कुणाचा स्टोव्ह भडकला किंवा कुणाच्या सायकलीची ट्यूब बसली, की लोक सिद्धाप्पाला विचारायचे. सिद्धाप्पा सांगायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

नबीलाल त्याचा जुना दोस्त. सिद्धाप्पा बॉयलरवर जायच्या दोन वर्षं आधी दोघं एकाच दिवशी मिलमध्ये कोळसा ओढायला लागलेले. पुढं एका संपात नबीलालची नोकरी गेली आणि त्यानं अक्कलकोट रस्त्याला लिंबाखाली गॅरेज टाकलं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि जमिनीत एक खड्डा. सिद्धाप्पा सुटीच्या दिवशी मुद्दाम तिकडे जायचा, नबीलालला चहा पाजायचा आणि त्याच्या नशिबाबद्दल हळहळायचा. परिस्थितीनं बेजार झालेल्या दोस्तावर माया करणं त्याला फार छान जमायचं.

चौऱ्याहत्तर साली मात्र घोटाळा झाला. मानसिंगराव म्हणून दहा ट्रकांचे मालक होते. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा संस्थानिकाकडून घेतलेली एक लांबलचक विलायती मोटार बंगल्यात पडून होती. तिची खुबी अशी की इंजिनाला एक भाता जोडलेला होता. इंजिनाच्याच जोरावर तो फिरायचा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा. कोंबलेल्या हवेचं प्रेशर दाखवायला स्टिअरिंगपाशी एक वेगळं मीटर होतं. ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा काटा सहावर जायचा, आणि थोरले मालक पाहुण्यांना बाकी काही न दाखवता तो काटा दाखवायचे. पण गाडी तुळजापूरच्या घाटात पाणी उकळून बंद पडायची. मानसिंगरावांनी ती नबीलालकडे दिली आणि म्हणाले, “ही नीट केलीस, तर दहाही ट्रकांचं काम तुझं.”

गाडी लिंबाखाली आली तसं सिद्धाप्पाच्या पोटात दुखायला लागलं. ज्याला त्याला नबीलालचं कौतुक! पानवाला तेच बोलतोय, न्हावी तेच बोलतोय. कहर केला तो घरच्या माणसानं. गुरम्मा, म्हणजे त्याची बायको, एका संध्याकाळी नबीलालच्या बायकोबरोबर बाजारातून आली ती गालातल्या गालात हसतच.

“अहो, नबीलालभावजींनी मला आन् कमरुन्निसाला नव्या पेठंतनं गाडीत घालून आनलं. काय गादी हाय म्हनून सांगू! सराफाच्या दुकानातली मानसं उटून बगाय लागली की.”

“मग तितंच ऱ्हायचं गादीवर,” सिद्धाप्पा म्हणाला.

गुरम्मानं त्याच्याकडे पाहिलं आणि नबीलालला द्यायला म्हणून शेंगांची चटणी डब्यात भरायला घेतली. चांगली लसणाची, कुटून केलेली. सिद्धाप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं हा माणूस सायकलवर गुरम्माला मागं बसवून हिंडवत होता, आणि ती कधी अशी हसली नव्हती. निदान त्याला तरी आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नबीलालनंच निरोप धाडला. सिद्धाप्पा गेला तर मानसिंगराव गाडीपाशी कपाळाला आठ्या घालून उभे.

नबीलाल म्हणाला, “सिद्ध्या, तूच बग बाबा. धूर जायचा जुना पाइप आतनं गंजून निम्मा बुजला हुता. मी तितं ट्रकचा रुंद पाइप बसवला. गाडी आता लई हलकी पळती, तापत न्हाय. पन काटा सहाचा चारवर आला.”

“माझ्या वडिलांच्या वेळेपासून सहाच,” मानसिंगराव म्हणाले. “सिद्धाप्पा, तुम्ही प्रेशरमधले जाणकार. काय झालं असेल?”

असा मान सिद्धाप्पाला मिलच्या मॅनेजरनंही कधी दिला नव्हता. त्यानं बाह्या सारल्या. नबीलालनं इंजिन चालू करून रेस दिली. सिद्धाप्पानं भात्यापासून इंजिनापर्यंत प्रत्येक जोडावरून तळहात फिरवला, कान लावला. कुठं फुंकर लागेना की सूं आवाज येईना. सगळे जोड घट्ट होते. नबीलालनं काम चोख केलं होतं आणि तेच सिद्धाप्पाला सोसेना.

“गळती हाय,” तो म्हणाला.

“कुटं?” नबीलालनं विचारलं.

“ते तू शोध. काटा पडला म्हंजे हवा भायेर चाललीया.”

“पन पळती चांगली की रं!”

“गळकी घागरबी डोईवर हलकी लागती. म्हून ती चांगली व्हय?”

मानसिंगराव मान डोलवत हसले. नबीलालचा चेहरा उतरला. सायकलवरून घरी येताना सिद्धाप्पानं शीळ घातली, आणि रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर तीन दिवस नबीलाल गळती शोधत होता. साबणाचं पाणी लाव, पॅकिंग बदल, पुन्हा सगळं खोल. सिद्धाप्पा रोज जाता जाता सायकलचा वेग कमी करून बघून घ्यायचा आणि पुढं जायचा.

बुधवारी दुपारी तो बॉयलरसमोर स्टुलावर बसला होता. साडेबाराला रंगखात्याची जेवणाची सुटी व्हायची. तिथले वाफेचे नळ बंद झाले, तसा बॉयलरचा काटा रोजच्यासारखा चढायला लागला. एकशेवीसच्याही वर गेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फसफसला. दीडला नळ उघडले, रंगाची पिंपं उकळायला लागली आणि काटा शंभरापर्यंत खाली आला. बावीस वर्षं तो हे रोज बघत होता. काटा पडला म्हणून त्यानं कधी बॉयलरला गळका म्हटलं नव्हतं. वाफ कामाला लागली की काटा पडणारच. चढतो तो तिला जायला वाट नसते म्हणून.

सिद्धाप्पा स्टुलावरून उठला आणि पुन्हा बसला.

भाता आधी फुंकायचा तेवढंच आताही फुंकत होता. धुराची वाट मोकळी झाल्यामुळे इंजिन ती हवा आता गटागटा घेत होतं, म्हणून ती मधे तुंबत नव्हती. सहाचा आकडा तुंबलेल्या हवेचा होता. थोरले मालक आयुष्यभर पाहुण्यांना गाडीचा कोंडलेला श्वास दाखवत आले होते! आणि ज्याच्याकडे कसला दाखला नव्हता, त्या नबीलालनं नुसत्या हाताच्या अंदाजानं तो मोकळा केला होता.

संध्याकाळी जाऊन सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पण घरी आला तर गुरम्मा सांगायला लागली, की गाडी झाली म्हणजे नबीलालभावजी सगळ्यांना तुळजापूरला नेणार आहेत आणि कमरुन्निसानं आपल्याला खिडकीजवळची जागा देऊ केलीय. सिद्धाप्पानं काढलेल्या चपला पुन्हा घातल्याच नाहीत. उद्या बघू, म्हणाला. गुरुवारी मिलमध्ये काम जास्त होतं. शुक्रवारी पाय दुखत होते. मनात खोट असली की माणसाचे पाय फार दुखतात.

रविवारी मात्र झोप लागेना तसा तो पहाटेच उठला, आंघोळ केली आणि लिंबाखाली गेला. खड्डा रिकामा होता. गाडी बंगल्यावर गेली होती. त्यानं सायकल तशीच तिकडं मारली.

बंगल्याच्या आवारात गाडी उभी होती आणि तिच्याखाली तो जुना गंजका पाइप पुन्हा बसवलेला दिसत होता. मानसिंगराव गाडीत बसून रेस देत होते आणि नबीलाल बाजूला उभा होता. काटा सहावर होता.

“या, सिद्धाप्पा!” ते ओरडले. “तुमचंच निदान बरोबर ठरलं. नवा पाइप काढला आणि काटा जागेवर! तुम्ही नसता तर या मिस्त्रीनं वाटोळं केलं असतं.”

“चूक माजीच झाली, मालक,” नबीलाल खाली मान घालून म्हणाला. “सिद्ध्याला त्यातलं कळतंय.”

ट्रकांचं काम दुसऱ्या गॅरेजला गेल्याचं मानसिंगरावांनी तिथंच सांगितलं. सिद्धाप्पा सायकल सोडून पुढं झाला.

“मालक, गळती नव्हती,” तो म्हणाला. “मी हात लावून बगितलं हुतं, एकबी जोड गळत नव्हता. मी खोटं बोललो. नबीलालचा पाइप बरोबर हाय. काटा खालीच पायजे. आता गाडी घाटात पुन्ना उकळंल.”

मानसिंगराव गाडीतून उतरले आणि त्यांनी सिद्धाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

“माणूस मोठा आहात. दोस्ताचं काम वाचावं म्हणून स्वतःला खोटारडा म्हणवून घेताय. पण मी काही लहान नाही, सिद्धाप्पा. काटा काय सांगतोय ते मला दिसतंय.”

सिद्धाप्पानं पुन्हा सांगितलं. बॉयलर, रंगखातं, वाफेचे नळ, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितका मानसिंगरावांचा चेहरा कौतुकानं फुलत गेला. त्यांनी आतून चहा मागवला, तो एकट्या सिद्धाप्पासाठी.

नबीलाल मात्र आता मान वर करून त्याच्याकडे बघत होता. या माणसाचं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

“कवा कळलं?” त्यानं विचारलं.

“बुदवारी.”

“आन् गळती न्हाय, ते?”

“पयल्याच दिवशी. हात लावला तवाच.”

नबीलालनं पाने-हातोडे पिशवीत भरले, हात पुसले. जायला निघाला आणि फाटकापाशी वळून म्हणाला, “चहा घ्या, सिद्धाप्पा. तुमच्यासाटी आनलाय.”

चोवीस वर्षांत त्यानं सिद्धाप्पाला पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं होतं.