आधी नरडं, मग पोट

"आदी नरडं, मंग पोट," असं म्हणत तो लॉरीच्या टाकीचं झाकण काढायचा आणि त्या तोंडाला नाक लावून डोळे मिटायचा. पेट्रोल ओतायची जी वाकडी नळी असते ती त्याच्या लेखी नरडं, आणि टाकी म्हणजे पोट. वास घेऊन झाला की माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच आत रॉकेल मिसळलंय.

जासईजवळच्या एका मिठागरावर मी तेव्हा कारकून होतो. माझं आडनाव काहीही असो, मिठागरावरचा कारकून तो मेहताजीच. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक लॉरी आमच्या शेठनी लिलावात उचलली होती. मीठ भरून ती पनवेलला जायची. हा तिचा ड्रायव्हर. गावातलाच, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, म्हणून सगळ्यांचा मामा. शेठनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "आता हिचं काहीही मोडलं, की सरळ भंगारात." ते ऐकून मामा दिवसभर जेवला नव्हता.

टाकीत बुडवून पेट्रोल मोजायला माझ्याकडे खुणा केलेली बांबूची काठी होती. एके वर्षी दिवाळीनंतर ती काठी रोज खेप झाली की हिशोबापेक्षा एक खूण कमी दाखवू लागली. आता तुम्हीच सांगा, संशय कोणावर घ्यायचा? पेट्रोलला पाय तर फुटत नाहीत.

"मामा, पेट्रोल जातं कुठे?"

"म्हातारी हाय ती, मेताजी. पिते जरा जास्त."

पिते! म्हटलं, पिणारा कोण ते बघूच. मी मिठाच्या राशीआड उभा राहून पाळत ठेवायला लागलो. तो डबा घेऊन टाकीपाशी बसायचा, आधी इकडेतिकडे बघायचा आणि मग बराच वेळ वाकून काहीतरी करत राहायचा. एकदा तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी डबा उघडला. तांदळाची भाकरी, दोन सुके बोंबील आणि कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी. भाकरीबरोबर साबण कोण आणतं? मला लगेच उत्तर सुचलं. चोरी केल्यावर हाताचा वास घालवायला! त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होतो.

शेठच्या कानावर घातलं. आमच्याकडे खरंखोटं करायची एकच रीत होती. ताज्या राशीतलं मूठभर मीठ हातात घ्यायचं, बोलायचं आणि चिमूटभर जिभेवर ठेवायचं. खोटं बोलणाऱ्याच्या अंगातून ते मीठ फुटून निघतं, असं सगळे मानत. शपथेचे शब्द मी सांगायचे होते. नुसतं 'चोरलं नाही' म्हटलं तर तो पळवाट काढेल, या शंकेने मी चांगले ऐसपैस शब्द योजले.

"म्हणा मामा, या गाडीतलं मी काहीही लपवलं नाही."

त्याने मीठ उचललं. एकदा लॉरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि एक खडा सांडू न देता मूठ परत राशीवर रिकामी केली.

"ह्ये नाय बोलवत मना," एवढंच म्हणाला. डबा उचलला आणि बांधावरून चालत गेला. शेठ म्हणाले, "बघा!" मीही म्हणालो, बघा.

नवा ड्रायव्हर आला आणि चार दिवसांत काठी तीन-तीन खुणा कमी दाखवू लागली. मी हबकलो. नळी सोडवून घेतली. टाकीशी जिथे ती जोडलेली होती तिथे करंगळी जाईल एवढी चीर होती. चिरेत साबण दाबलेला, वर गोणपाटाची पट्टी आणि जाळं विणायच्या दोरीच्या बारीक गाठी. साबण वाळून निम्मा गळून गेला होता. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मामाने लपवलं होतं, ते एवढंच. मी 'चोरलं नाही' असे शब्द दिले असते, तर त्याने ओंजळभर मीठ खाल्लं असतं.

शेठनी चीर पाहिली आणि बोलल्याप्रमाणे केलं. तिसऱ्या दिवशी लॉरी भंगारवाल्याने ओढून नेली.

मी लाजेने काळा होऊन त्याच्या घरी गेलो. मामा नव्हता. उरणच्या बाजूला मचव्यावर खलाशी म्हणून कामाला लागला होता. दारात मामी सूप घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं, बसायला गोणपाट टाकलं, पण नजर काही माझ्यावरून हलेना.

"तुमी येनार, म्हनून सांगून गेलेत," ती म्हणाली. "बोल्ले, मेताजीला संशय लई, तो नरडं खोलनारच. दर दोन दिसांनी साबून बदला. चढाला टाकी अर्दीच भरा. म्हातारी हाय, पन जाईल अजून पाच वर्षं."

आत जाऊन तिने साबणाची एक कोरी वडी आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

लॉरी गेली, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी वडी खिशात घातली आणि म्हणालो, "बदलतो हं, मामी."